गडावरच्या कुत्र्याला उगाच बदनाम करू नकोस

प्रश्न : काका, श्रावणात आम्ही चौघं हरिश्चंद्रगडाला गेलो होतो. पहिल्या रात्री पाचनईत एका ओसरीवर झोपलो, दुसऱ्या रात्री वर गुहेत. गडावर एक कुत्रा मागे लागला आणि रात्रभर माझ्या पायाशी झोपला. घरी आल्यावर पाहते तर घोट्यांभोवती लाल पुरळ. खाज खरं तर ओसरीवरच सुटली होती, पण तेव्हा डास असतील असं वाटलं. बाकी तिघांना काहीच झालेलं नाही. स्लीपिंग बॅग झटकली तर त्यातून तपकिरी, बारीक काहीतरी टुणकन उडालं. आईने बॅगेत डांबरगोळ्या घातल्यात. ती बीडची, १९९४चा प्लेग तिच्या डोक्यातून जात नाही, म्हणून ‘फेकून दे ती बॅग’ चाललंय. बॅग हॉलोफायबरची, म्हणजे आत कृत्रिम धाग्यांचं भरण असलेली आहे. एरवी ती माळ्यावर असते. तिथे पावसाच्या तोंडाला एक मांजर व्यायली होती, पण महिन्याभरापूर्वीच ती पिल्लं घेऊन गेली. बॅग टाकून देऊ का? आणि तंबू मित्राचा आहे, तो परत करू की नको?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, उत्तर तूच लिहिलंयस, फक्त जाता जाता. खाज पाचनईच्या ओसरीवर सुटली, म्हणजे कुत्रा भेटायच्या आधी. त्याच ओसरीवर झोपलेले बाकीचे तिघे ठणठणीत. मग उरलं काय? तुझी बॅग आणि तुझा माळा. पिसवा तू गडावरून आणल्या नाहीस, नाशिकहून गडावर नेल्यास.

पिसू एकदा अंगावर चढली की सहसा त्या जनावराला सोडत नाही. तिथेच रक्त पिते, तिथेच अंडी घालते. अंडी मात्र केसांना चिकटत नाहीत, मिठाच्या कणांसारखी घरंगळून खाली पडतात. म्हणजे मांजर जिथे लोळते तिथे. माळ्यावरची मऊ, अंधारी बॅग बाळंतिणीला आयतीच मिळाली! अंड्यांतून अळ्या निघतात आणि त्या मोठ्या पिसवांच्या विष्ठेवर, म्हणजे वाळलेल्या रक्तावर, वाढतात. पावसाळी दमट हवा त्यांना मानवते. पुढे अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते, त्याला धूळ चिकटते आणि तो दिसेनासा होतो. कोषातली पिसू कित्येक आठवडे गप्प बसू शकते. कोणी हलवलं, ऊब लागली, जवळ श्वास जाणवला की बाहेर येते. मांजर गेली तेव्हा ‘प्रश्न’ कोषात होता. तू बॅग उघडून आत शिरलीस आणि त्यांना मुहूर्त मिळाला.

खात्री करून घ्यायची असेल तर बॅगेच्या शिवणीतले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर टिपून बघ. माती मातीच राहील. पिसवांची घाण असेल तर भोवती लालसर डाग पसरेल.

बॅग फेकू नकोस. डांबरगोळ्या आधी काढ. उघड्यावर त्यांचा उपयोग नाही आणि तो वास पुढच्या दोन हंगामांत जायचा नाही. टबात कोमट पाणी घे, पातळ साबण घाल, बॅग उलटी करून तासभर भिजव आणि पायांनी हळूहळू तुडव. साध्या पाण्यावर पिसू तरंगते, साबणाच्या पाण्यात बुडते. लेबलावर लिहिलंय त्याहून गरम पाणी नको. पिळायचं अजिबात नाही, आणि ओली बॅग एका टोकाला धरून उचलायचीही नाही, आतलं भरण ओघळून एका कडेला गोळा होतं. टबातच दाबून पाणी काढ आणि दोन्ही हातांवर घेऊन उचल. ऊन नसेल तर मोठा ड्रायर असलेल्या लाँड्रीत मंद आचेवर वाळवून घे. घरच्या पंख्याखाली दोन-तीन दिवस उलटसुलट करावी लागेल. चादरी, गोधड्या, मोजे यांना मात्र दयामाया नको, ६० अंशांच्या पाण्यात धू.

पण खरं काम माळ्यावर आहे. तो तसाच ठेवून बॅग धुतलीस तर साबण फुकट. वरची गोणपाटं आणि चिंध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर काढ. मग फटीफटीतून व्हॅक्यूम फिरव आणि त्यातला कचरा लगेच पिशवी बांधून घराबाहेर टाक. दोन-तीन आठवडे हे दर एक-दोन दिवसांनी कर, कारण औषध मारलं तरी कोषातल्या पिसवा वाचतात आणि मागाहून निघतात. त्या निघाल्या म्हणून ‘औषध खोटं होतं’ असं समजू नकोस. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंस तर अळ्यांची वाढ रोखणारं औषधही मारतोस का, हे विचार. ती मांजर अजून अंगणात येत असेल तर त्यालाही सांग, कारण पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांच्या जिवावर बेततं. आणि कोणी किडे मारायची जुनी गॅमॅक्सिन पावडर काढून दिली तर हात लावू नकोस, त्यातल्या लिंडेन या विषावर बंदी आहे.

संपलं की नाही हे कळायला गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून माळ्यावर दहा मिनिटं बस. पिसवा उरल्या असतील तर मोज्यांवर दिसतील.

आईंना सांग, त्यांची धास्ती अगदीच निराधार नाही. प्लेग पिसवांमुळे पसरतो, हे १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं. पण त्यात मुख्य हात उंदरांवरच्या पिसवांचा. आजूबाजूला उंदीर पटापट मरून पडत असतील तर महापालिकेला कळवायचं. तुमच्याकडे एक मांजर बाळंत झाली, एवढंच झालंय. पुरळावर कॅलामाइन लाव, खाजवू नकोस, ताप आला तर डॉक्टरांकडे जा आणि पिसवा चावल्याचं त्यांना आधी सांग.

तंबूत अळ्यांना खायला काही नसतं, त्यामुळे तिथे वस्ती होत नाही, चुकून गेलेली एखादी असेल. बाहेर नेऊन उलटा कर, झटक, साबणाच्या फडक्याने तळ पूस, पूर्ण वाळव. गरम पाणी आणि इस्त्री टाळ, आतला लेप सुटतो. मग खुशाल परत कर. मित्राला काय झालं ते सांगून टाक, आणि त्याने कुत्र्याचं नाव घेतलं तर त्याला माळ्यावर ने.