अँगस्ट्रॉमचे नॅनोमीटर करताना घनता का चुकते?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात एमएस्सीचा प्रोजेक्ट, मनसरच्या मँगनीज खनिजातल्या पायरोलुसाइटचा (मँगनीज डायऑक्साइडच्या खनिजाचा) एक्सआरडी रिपोर्ट, म्हणजे क्ष-किरणांनी केलेलं स्फटिकाचं मोजमाप, अँगस्ट्रॉममध्ये, गाइडना आकडे नॅनोमीटरमध्ये हवेत, आणि एकक बदललं की घनता भलतीच येते.

लांबीचं सोपं आहे. १ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर, म्हणजेच १०० पिकोमीटर. मायक्रो, नॅनो, पिको या हजार-हजाराच्या पायऱ्या. अँगस्ट्रॉम मात्र मधेच बसतो, म्हणून सवयीने हजाराने भागलं की फसतं. कॉपर ट्यूबमधून येणाऱ्या मुख्य क्ष-किरणाची (के-अल्फा-१) तरंगलांबी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १.५४०६ अँगस्ट्रॉम, ०.१५४०६ नॅनोमीटर, १५४.०६ पिकोमीटर. अडलं की हिच्याशी ताडून बघा.

तुमची चूक बहुधा घनफळात आहे. लांबी १० ने भागली, तर घनफळ १००० ने भागावं लागतं. पायरोलुसाइटचा सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा सर्वात लहान ठोकळा, टेट्रागोनल: तळ चौरस, बाजू a, आणि उंची c. a साधारण ४.४०, c २.८७ अँगस्ट्रॉम. a चा वर्ग गुणिले c केलं की ५५.६ घन अँगस्ट्रॉम, म्हणजे ०.०५५६ घन नॅनोमीटर. सेलमध्ये मँगनीज डायऑक्साइडची दोन सूत्र-एककं, वस्तुमान १७३.८८ अणुवस्तुमान एकक. त्याला १.६६०५ ने (हा एकक बदलण्याचा गुणक) गुणून घन अँगस्ट्रॉममधल्या घनफळाने भागा: घनता ५.१९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. घनफळ नुसतं १० ने भागलं असेल तर ०.०५२ येईल. असा दगड अंबाझरी तलावात तरंगायला हवा!

दुसरी गफलत ब्रॅगच्या सूत्रात (तरंगलांबी = २ × d × साइन थीटा; d म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या थरांमधलं अंतर) होते. तरंगलांबी आणि d एकाच एककात हवेत. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये आणि d अँगस्ट्रॉममध्ये टाकला, तर २८.७ अंशांची (२ थीटा) ठळक रेषा २.८ अंशांवर येते. उलट केलं तर साइन १ च्या वर जातो आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो.

दशांश स्थळंही सांभाळा. अँगस्ट्रॉममध्ये दोन स्थळं पुरली, म्हणून नॅनोमीटरमध्येही दोनच ठेवली, तर २.८७ चे ०.२९ होतात आणि घनता ५.१४ वर घसरते. नॅनोमीटरमध्ये एक स्थळ जास्त ठेवा, आणि पूर्णांकन अगदी शेवटी करा.

जुन्या तक्त्यातला d घेणार असाल, तर एकक ‘केएक्स’ (क्ष-किरणांच्या मोजमापातलं जुनं एकक) तर नाही ना, हे आधी बघा. १ केएक्स म्हणजे सुमारे १.००२ अँगस्ट्रॉम, फरक इवलासा, पण सेलच्या मापात तो चौथ्या अंकाआधीच दिसतो.