वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. मी ३८ वर्षांचा, सांगलीत दुकान आहे. मला कितपत धोका?

सरासरीपेक्षा जास्त, असं धरूनच चाला. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर तो धोका मोजतात. तो बदलत नाही, बाकीचं बरंच बदलतं.

आधी तंबाखू. ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणणारा गल्ल्यावर बसून तंबाखू मळत असतो आणि घरात मिश्री चालूच असते! निकोटिन तोंडातून गेलं तरी बीपी आणि ठोके वाढवतंच. कमी नको, बंदच करा.

बीपी, साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी) तपासा. बीपी वारंवार १४०/९० च्या वर आलं तर डॉक्टरांना दाखवा. काही त्रास होत नाही, हे कारण चालत नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि भडंग-लोणचं-पापड त्यातच. कंबर ९० सेंमीच्या आत ठेवा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. आमराईत गप्पा मारत रेंगाळणं त्यात धरू नका.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असं झालं तर गॅस समजून ओवा खात बसू नका, लगेच १०८ ला फोन लावा.