वाहन-शंका : जोरात ब्रेक दाबल्यावरच येणारे आवाज

प्रश्न : माझ्याकडे २०१९ च्या अखेरीस घेतलेली पेट्रोल हॅचबॅक असून ती आजवर ७१,००० किलोमीटर चालली आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. कामानिमित्त महिन्यातून तीन-चार वेळा कुंभार्ली घाटाने कराडला जावे लागते. नेहमीसारखा हळूहळू ब्रेक लावला तर कोणताही आवाज येत नाही. मात्र एखादे जनावर आडवे आले आणि ब्रेक जोरात दाबावा लागला, तर पुढच्या डाव्या बाजूने 'खड्' असा एकच दणका ऐकू येतो आणि पाय उचलताच तसाच, पण थोडा हलका आवाज पुन्हा येतो. गेल्या पावसाळ्यात घाटात ओल्या रस्त्यावर याहून वेगळेच घडले. 'घर्र-घर्र' असा आवाज येऊन पेडल पायाखाली थरथरू लागले. ब्रेक निकामी झाले असे वाटून मी पाय उचलला, मग पुन्हा दाबला आणि गाडी पुढच्या टेम्पोपासून जेमतेम हातभर अंतरावर थांबली. गॅरेजमध्ये वर्षभरात दोनदा डिस्क पॅड बदलले, तरी 'खड्' आवाज कायम आहे. दोष कोठे असावा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण लिहिलेल्या दोन आवाजांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला आवाज दोषाचा आहे आणि दुसरा यंत्रणा नीट चालत असल्याचा आहे. तरीही आधी दुसऱ्याबद्दल लिहितो, कारण दोषाच्या आवाजाने आपल्याला अद्याप काही केलेले नाही, पण निर्दोष आवाजाला घाबरून आपण अपघाताच्या तोंडाशी जाऊन आलात.

ती घरघर एबीएसची, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची होती. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत ही यंत्रणा बंधनकारक आहे, त्यामुळे आपल्या गाडीत ती आहेच. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर ते चाक किती वेगाने फिरते आहे हे सतत मोजत असतो. एखादे चाक फिरायचे थांबून नुसते घसरू लागण्याच्या बेतात आले, की बॉनेटखालच्या मॉड्युलेटरमधील झडपा त्या चाकाकडे जाणारा ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर सोडतात आणि लगेच पुन्हा देतात. हे एका सेकंदात दहा-पंधरा वेळा घडते. त्या झडपांची उघडझाप आणि ऑइल परत ढकलणारा पंप यांचा मिळून तो आवाज होतो, आणि तेच धक्के पेडलमधून आपल्या पायाला जाणवतात. अशा वेळी पाय मुळीच उचलू नये, पेडल पूर्ण ताकदीने दाबून धरावे आणि समोरचा अडथळा टाळण्यासाठी स्टिअरिंग वळवावे. चाके फिरती राहत असल्यामुळे गाडी वळते, आणि एबीएसचा खरा उपयोग तोच आहे. 'ब्रेक पंप करत दाबा' ही शिकवण एबीएस नसलेल्या गाड्यांच्या काळातली आहे. ती आजही काही ठिकाणी शिकवली जाते याचे मला फार वाईट वाटते, कारण एबीएस असलेल्या गाडीत पंप केल्याने थांबण्याचे अंतर वाढते. माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे की, एखाद्या पावसाळी सकाळी मोकळ्या मैदानात, आजूबाजूला कोणीही नसताना, ताशी ३०-४० किलोमीटर वेगाने जाऊन एकदा मुद्दाम पूर्ण जोराने ब्रेक दाबून पाहावा. पायाला ती थरथर एकदा ओळखीची झाली की ऐनवेळी पाय आपोआप मागे येत नाही.

हीच घरघर जर कोरड्या रस्त्यावर, सावकाश थांबताना, अगदी शेवटच्या दोन-चार मीटरांत येऊ लागली, तर मात्र ती निर्दोष समजू नये. चाकाच्या सेन्सरवर घाण बसली असेल, सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणारी कडी गंजली असेल किंवा व्हील बेअरिंग सैल झाले असेल, तर संगणकाला चाक थांबल्याचा खोटा निरोप जातो. एबीएसचा पिवळा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे. तो चालू राहिला तर साधा ब्रेक लागतो, पण एबीएस मिळत नाही. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही पेटलेला असेल, तर गाडी जागेवरून हलवू नये.

आता 'खड्' आवाजाकडे वळू. हलक्या ब्रेकला शांतता आणि जोराच्या ब्रेकला एकच दणका, हे लक्षण पॅडचे सहसा नसते. पॅड झिजले तर चिरकतात किंवा खरखरतात, आणि तो आवाज चाक फिरते तोवर चालू राहतो. एकदाच येणारा दणका म्हणजे सैल झालेली एखादी वस्तू सरकून दुसऱ्या वस्तूवर आपटते आहे. हजार किलोंची छोटी गाडी जोरात थांबवताना साधारण पावणेदोनशे किलोंचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर येतो. शिवाय रस्ता चाकाला मागे ओढतो आणि गाडी पुढे जाऊ पाहते. ही सगळी ओढाताण पुढच्या सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मवर (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर) आणि त्याच्या मागच्या बाजूच्या रबरी बुशवर (धक्के शोषणाऱ्या, मध्ये लोखंडी नळी असलेल्या रबरावर) येते. हलक्या ब्रेकला फाटलेले रबरही कसेबसे तग धरते, पण जोराच्या ब्रेकला आतली लोखंडी नळी रबर ओलांडून कडेला आदळते आणि पाय उचलला की परत जागेवर येते. आपल्याला दोनदा आवाज येतो, तो बहुधा यामुळेच. सत्तर हजार किलोमीटर आणि घाटातले खड्डे लक्षात घेता माझा पहिला संशय डाव्या लोअर आर्मच्या बुशवर आहे. असे असेल तर पॅड बदलणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार झाला.

तरीही आर्मकडे जाण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. डिकी पूर्ण रिकामी करून, स्टेपनी आणि जॅक घट्ट बसवून एकदा गाडी चालवावी. आवाज पुढून आल्यासारखा वाटतो आणि निघतो मागच्या जॅकचा, असे पुष्कळदा होते. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे आणि ती आजच व्हावी. दोनदा पॅड बदलले याचा अर्थ कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट दोनदा खोलले गेले, त्यामुळे ते कंपनीने ठरवून दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळून घ्यावेत आणि चाकाचे नटही त्याच वेळी तपासावेत. पॅड धरून ठेवणाऱ्या पातळ पत्र्याच्या क्लिपा जागेवर आहेत का, हेही समोर उभे राहून दाखवून घ्यावे. जुन्या क्लिपा काढून टाकल्या आणि नव्या बसवल्याच नाहीत, तर पॅड आपल्या खाचेत मागेपुढे सरकतो आणि 'टक्' वाजतो.

पॅडची टकटक आणि बुशचा दणका यांतला फरक घरच्या घरी कळतो. मोकळ्या जागी गाडी माणसाच्या चालीने पुढे नेऊन ब्रेक दाबावा, मग रिव्हर्समध्ये मागे नेऊन दाबावा. पॅड सैल असेल तर दिशा बदलल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला 'टक्' येते आणि त्याच दिशेने पुन्हा ब्रेक दाबला तर काहीच वाजत नाही, कारण पॅड आधीच एका कडेला जाऊन बसलेला असतो. बुश गेले असेल तर एकाच दिशेने चालवतानाही जोराने दाबलेल्या प्रत्येक ब्रेकला दणका येतो.

खात्री मात्र गाडीखाली उतरूनच होते. गाडी पिटवर घेऊन, इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रल ठेवून एकाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने गाडी मागेपुढे रेटावी आणि मेकॅनिकने खालून बॅटरीच्या उजेडात बुशकडे पाहावे. चपलेचा अंगठा तुटण्याआधी जसा बारीक भेगांनी भरतो आणि ताणला की आतून पांढुरका दिसतो, तसे ते रबर दिसते. आर्मला टॉमी (लोखंडी पहार) लावून रेटल्यावर ते किती हलते, हे उजव्या बाजूच्या आर्मशी ताडून पाहिले की शंका राहत नाही. त्याच वेळी आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंटही हलवून पाहावा, कारण त्याचा दणका असाच असतो आणि तो निसटला तर चाकच बाहेर पडते.

बुश बदलताना एका बारकाव्यावर आपण स्वतः लक्ष ठेवावे. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचा भार चाकांवर असला पाहिजे. गाडी जॅकवर लटकलेली असताना बोल्ट आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत जखडले जाते, गाडी खाली उतरल्यावर कायम ताणाखाली राहते आणि काही महिन्यांत फाटते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

प्रश्न : हलका ब्रेक लावला की पुढून 'चीं' असा आवाज दोन महिने येत होता. आठवड्यापासून जोरात ब्रेक दाबल्यास लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येते. पुढच्या आठवड्यात सहकुटुंब पुण्याहून महाबळेश्वरला जायचे आहे. तोवर थांबले तर चालेल का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : नाही, चालणार नाही. पॅडला एक छोटी लोखंडी पट्टी असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकून मुद्दाम चिरकते, म्हणजे 'चीं' हा इशाराच होता. आता पॅडचे मटेरियल संपून मागची लोखंडी पाटी डिस्कवर घासत असावी. अशा ब्रेकवर पसरणी घाट उतरणे हे स्वतःच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. गॅरेजमध्ये आतल्या बाजूचा पॅड काढून पाहायला सांगावे. कॅलिपरची पिन ग्रीसअभावी अडकली असेल, तर बाहेरचा पॅड चांगला दिसतो आणि आतला संपलेला असतो. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मोजमाप त्याखाली गेले असेल तर ती लेथवर फिरवून घेऊ नये, दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड नवीन घालावेत. नव्या पॅडवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणे टाळावे लागते, त्यामुळे हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी न करता आजच करावे.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी गाडी काढली की पहिल्या ब्रेकला मोठी खरखर येते आणि नंतर जाते. हा दोष आहे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : रात्रीच्या ओलाव्याने डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकांत तो घासून निघतो; हा दोष नव्हे. त्यानंतरही खरखर राहिली तर डिस्कमागच्या धूळ अडवणाऱ्या पत्र्यात खडा अडकला आहे का ते पाहावे. आपल्याकडच्या जांभ्या खडीच्या रस्त्यांवर हे वरचेवर घडते. डिस्क थंड असताना पत्रा हाताने किंचित मागे वाकवला की खडा खाली पडतो.