पीएच.डी.साठी डनेडिनला येताना : माओरी नमुने, त्यांचा डेटा आणि त्यांवरचा अधिकार

तुमचे दोन प्रश्न आहेत. गोवा विद्यापीठातून जैवतंत्रज्ञानाची एम.एस्सी. झाल्यावर न्यूझीलंडमधील डनेडिनला मधुमेहाच्या जनुकीय कारणांवर पीएच.डी. करताना एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, परवानगी पुरेशी असते, की तेथील मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजाकडूनही वेगळी विचारणा करावी लागते? आणि काणकोण-केपे भागातील गावडा-वेळीप या आदिवासी कुटुंबांच्या नमुन्यांशी तुलना करण्यासाठी इथला डेटा गोव्यात नेता येईल का? मी मूळचा सत्तरीचा असून येथे आरोग्य-संशोधनाच्या डेटाची व्यवस्था पाहतो, त्यामुळे जे रोज हाताळतो तेच लिहीत आहे.

केवळ एथिक्स कमिटीची परवानगी पुरत नाही. न्यूझीलंडच्या लोकसंख्येत माओरी साधारण 17-18 टक्के आहेत, आणि ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातील 1840 च्या वायतांगी करारामुळे सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनात त्यांचा सहभाग हा कुणाच्या मर्जीचा विषय उरत नाही. डनेडिनच्या ओटागो विद्यापीठात माओरींशी संबंधित प्रत्येक प्रस्तावावर या दक्षिण भागातील ङाय ताहू या इवीच्या, म्हणजे वंशसमूहाच्या, संशोधन-सल्ला समितीशी विचारविनिमय करावा लागतो. एथिक्स कमिटीही हा विचारविनिमय झाला का आणि त्यातून आराखड्यात काय बदलले, हे विचारते. म्हणून तो शेवटी उरकण्याचा कागद समजू नका. संशोधनाचा प्रश्न पक्का होण्याआधी तो सुरू झाला, तरच त्याला अर्थ राहतो.

यामागचा विचार गोव्याच्या माणसाला कळायला कठीण नाही. कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची, जमीन एखाद्या गावकाराला (तिच्या एका हक्कदाराला) परस्पर विकता येत नाही, तसाच येथे रक्ताच्या नमुन्याचा विचार होतो. नमुना देणारी व्यक्ती स्वतःपुरती संमती देते, परंतु त्या डीएनएमध्ये तिचे पूर्वज, भावंडे आणि अजून न जन्मलेली मुलेही असतात, आणि निष्कर्षाचा डाग लागला तर तो साऱ्या समाजाला लागतो. 2006 साली माओरींमध्ये ‘योद्धा जनुक’ असल्याच्या बातम्या छापून आल्या, हिंसक वर्तनाचा संबंध थेट वंशाशी जोडला गेला, आणि शास्त्रज्ञांनी त्यातील उणिवा दाखवल्या तरी तो शिक्का पुसायला फार काळ लागला.

अमेरिकेतील हवासुपाई जमातीचे प्रकरण तुम्ही येण्याआधी नीट अभ्यासावे असे मला मनापासून वाटते, कारण तोही मधुमेहाचाच अभ्यास होता. 1990 पासून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रँड कॅन्यनमधील या लोकांचे रक्त घेतले, आणि पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतील विवाह आणि जमातीचे प्राचीन स्थलांतर या विषयांसाठीही वापरले गेले. आपण याच दरीत जन्मलो अशी ज्यांची श्रद्धा, त्यांच्याच रक्तातून ते दुसरीकडून आल्याचे सांगितले गेले. 2003 साली जमातीतील एक स्त्री विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला बसली, तेव्हा हे उघड झाले. 2010 मध्ये विद्यापीठाने 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

समाजाचा अधिकार मानला की विज्ञान अडते, असे काही जण तुम्हाला येथेही सांगतील. ते मला अजिबात पटत नाही. न्यूझीलंडच्याच तौरांगा भागातील एका माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या तरुण माणसे जठराच्या कर्करोगाने जात होती, म्हणून ते कुटुंब स्वतःच संशोधकांकडे गेले. आपल्याच डनेडिनमध्ये पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने त्यांच्यासोबत काम करून 1998 साली सीडीएच1 जनुकातील दोष दाखवून दिला, आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत कुटुंबातील माणसेही होती. आज जगभर ज्या कुटुंबांत हा दोष आहे, त्यांची वेळीच तपासणी होते, ती या कामामुळे.

प्रत्यक्ष कामात तुम्हाला हे सारे संमतिपत्रात दिसेल. काम संपल्यावर उरलेला नमुना परत हवा, की काराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हणून त्याची विल्हेवाट लावावी, हे नमुना देणाऱ्याला विचारलेले असते. नमुना देशाबाहेर जाणार असेल तर कुठे, कशासाठी आणि किती काळ, हे स्पष्ट लिहावे लागते. ‘भविष्यातील कोणतेही संशोधन’ असे मोघम वाक्य घालू नका; समितीचे पहिले बोट त्यावरच जाते. जनुकीय संशोधनासाठी 2016 ची ‘ते माता इरा’ मार्गदर्शक तत्त्वे आहेत, ती निघण्यापूर्वीच वाचा. कॅनडातील फर्स्ट नेशन्सची, म्हणजे तेथील मूळ रहिवासी समाजांची, 1998 पासूनची ओकॅप तत्त्वे (मालकी, नियंत्रण, उपलब्धता, ताबा) आणि जगभरच्या मूळ रहिवाशांच्या डेटाविषयीची 2019 ची केअर तत्त्वेही सोबत वाचली तर उत्तम.

आता डेटा गोव्यात नेण्याविषयी. व्यक्तिगणिक जनुकीय डेटा लॅपटॉपवर किंवा परदेशी क्लाउडवर घेऊन जाण्याचा विचार सोडून द्या. माओरी डेटा शक्य तेथे न्यूझीलंडमध्येच ठेवावा, हे माओरी डेटा-सार्वभौमत्वासाठी झटणाऱ्या ते माना राराउंगा या गटाचे जाहीर तत्त्व आहे. मात्र तुलना अशक्य नाही: विश्लेषणाचा एकच प्रोग्राम दोन्ही ठिकाणी चालवा आणि केवळ एकत्रित आकडे शेजारी ठेवा. त्यालाही समितीची संमती लागेल, पण ती मागणे रास्त ठरेल.

गोव्याच्या बाजूचे काम कदाचित अधिक अवघड आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना 2003 साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत समाजाची परवानगी तसेच प्रत्येकाची स्वतंत्र संमती, या दोन्ही गोष्टी आहेत. परदेशी सहकार्य असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते. परंतु गावाच्या वतीने बोलणारी, ङाय ताहूंसारखी स्थायी संशोधन-समिती तेथे तुम्हाला तयार मिळणार नाही. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्याआधी त्या गावांत जा, मांडावर, म्हणजे गावाच्या सामायिक पवित्र जागेवर, जमणाऱ्या जाणत्या माणसांसमोर बसा, नमुने कुठे राहतील आणि नको झाल्यास परत कसे मिळतील ते कोकणीतून सांगा, आणि त्यांनी घातलेल्या अटी जशाच्या तशा प्रस्तावात लिहा. त्यांनी नकार दिला तर प्रबंध फक्त इथल्या नमुन्यांवर करा. आणि तुमच्या गाईडला याच आठवड्यात पत्र लिहून विचारा की, ङाय ताहू समितीशी बोलणी सुरू झाली आहेत की तुम्ही आल्यावर व्हायची आहेत.