केळीच्या राखणीसाठी तीन हजारांची इन्फ्रारेड लेझर पेटी घ्यावी का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: रावेरकडे केळीचा बाग आहे, रात्री डुकरं शिरून नासधूस करतात, तुमच्याकडे डिजिटल नाइट व्हिजन दुर्बीण आहे. अमेरिकन लष्कराच्या बंदुकीवर बसणाऱ्या पीईक्यू-१५ या लेझर पेटीसारखी दिसणारी इन्फ्रारेड लेझरची नक्कल ऑनलाइन तीन हजारांत मिळतेय, ती कशी पारखायची?

भाऊ, राखणीला लेझरचा ठिपका लागतच नाही, पसरट उजेड लागतो. तो ८५० नॅनोमीटर तरंगलांबीची इन्फ्रारेड एलईडी टॉर्च देते, आणि डोळ्याला धोकाही बराच कमी. तरी पेटी घेतलीच असेल तर पुढच्या गोष्टी तपासल्याशिवाय ती शेतात नेऊ नका.

आधी आत आहे काय ते बघा. अशा बऱ्याच नकला म्हणजे निव्वळ बॅटरीचा डबा असतो. काहींत लाल किंवा हिरवा लेझर आणि साधा एलईडी असतो, इन्फ्रारेडच्या भोकावर नुसती काच. जाहिरातीत तरंगलांबी आणि मिलीवॅट दोन्ही लिहिलेले नसतील तर तिथेच सोडून द्या. इन्फ्रारेड निघतो का हे बघायला पेटीत डोकावू नका. भिंतीवर पांढरा कागद लावा, त्यावर पेटी रोखा आणि कागदाकडे दुर्बिणीतून बघा. दुर्बिणीत सेन्सर आणि पडदा असल्याने लेझर थेट डोळ्यात जात नाही. पण सरळ तिच्या भिंगावर मारलात तर सेन्सर जळेल. खोलीतले आरसे, स्टीलची भांडी आधी झाकून ठेवा, पोरांना बाहेर पाठवा.

हिरवा लेझर असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. स्वस्त हिरव्या लेझरमध्ये ८०८ नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकाला चालवतो, त्यातून १०६४ निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ म्हणजे हिरवा करतो. शेवटी इन्फ्रारेड अडवणारी गाळणी हवी, पैसे वाचवायला तीच वगळलेली असते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. त्यांतले जवळपास ९० टक्के हिरवे आणि ४४ टक्के लाल तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते.

ही गळती घरी जुन्या सीडीवर पकडता येते. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्याला मधोमध छोटं भोक पाडा. लेझर शिकंज्यात घट्ट धरून त्या भोकातून पलीकडे २० सेंटीमीटरवर, पुठ्ठ्याला समांतर उभ्या केलेल्या सीडीच्या चकचकीत बाजूवर सरळ मारा. परतणारे ठिपके पुठ्ठ्यावर पडतात. हिरवा भोकापासून साधारण ७ सेंटीमीटरवर, ८०८ असेल तर १२ च्या किंचित आत, ८५० चा साडेबारावर. साध्या डोळ्याला जिथे काहीच नाही आणि दुर्बिणीत ठिपका दिसतो, तिथे गळती आहे. १८ सेंटीमीटरच्या जरा आत दिसणाऱ्या ठिपक्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. हिरव्याचा दुसरा ठिपका आणि १०६४ चा पहिला नेमके एकाच जागी पडतात.

खरी गोम शक्तीची आहे. ८५० नॅनोमीटरला सर्वांत सुरक्षित वर्गाची मर्यादा सुमारे ०.७८ मिलीवॅट आहे. लेबलवर ‘५ मिलीवॅटपेक्षा कमी’ छापायला शाईशिवाय काही लागत नाही. जवळच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत ऑप्टिकल पॉवर मीटर असेल तर तिथेच मोजून घ्या, आणि मीटरवर तरंगलांबी बरोबर लावली आहे ना ते बघा, नाहीतर आकडा खोटा येतो. मोजताना बॅटरी तीच ठेवा, जी रात्री वापरणार. सीआर१२३ए ही बॅटरी ३ व्होल्टची. तिच्या मापाची १६३४० ही चार्ज होणारी बॅटरी पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देते. आत नुसता रेझिस्टर असला तर डायोडवर जादा करंट जातो: प्रकाश वाढतो, मग डायोड मरतो. हवामानही धरा. साध्या ड्रायव्हरवरचा (डायोडला करंट पुरवणाऱ्या सर्किटवरचा) डायोड गरम झाला की मंदावतो. म्हणजे मे महिन्यात जळगावच्या दुपारी ‘ठीक’ आलेली पेटी डिसेंबरच्या पहाटे त्याहून जास्त फेकते. मोजणी थंडीच्या हिशेबाने करा.

ठिपका १०० मीटरवर ५ सेंटीमीटरचा असेल तर भिंग चांगलं. लांबट पट्टी दिसली तर त्यावरून भिंग काचेचं की प्लास्टिकचं ते ठरत नाही, डायोडचा किरण मुळातच लांबट असतो. पेटी काढून परत बसवल्यावर २० मीटरवर ठिपका सेंटीमीटरभर सरकला, तर १०० मीटरवर पाच सरकणार. गरम गोंदाने चिकटवलेले मॉड्यूल उन्हात हमखास सरकतात.

आता माणसांचं. तुमच्याकडे थ्री फेज लाइट रात्रीची आली की शेजारच्या बागेत कोणीतरी पाणी भरत असतं. अंधारात बाहुल्या रुंदावलेल्या असतात, आणि अदृश्य प्रकाशाला पापणी मिटत नाही. २५ मिलीवॅटचा, वर सांगितला तसा बारीक किरण ढोबळ हिशेबाने ८० मीटरपर्यंत डोळ्याला घातक. केळीच्या दोन ओळींमधून तो सहज तेवढा जातो. सालदाराचा डोळा गेला तर कळणारही उशिरा, कारण दुखत नाही.

आणि नेम धरण्याचा विचार असेल तर तो सोडा. रानडुक्कर, रोही (नीलगाय) दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे.

टॉर्च घेताना ८५० घ्या. ८५० च्या टॉर्चच्या तोंडाशी दिसतो तसा लाल ठिणगीसारखा उजेड ९४० मध्ये दिसत नाही खरा, पण डिजिटल सेन्सर तिथे कमी संवेदनशील असल्याने पल्ला बराच घटतो. झूम होणारी घ्या आणि तिच्याही तोंडात जवळून बघू नका. केळीचं पान इन्फ्रारेडमध्ये पांढरंफटक चमकतं. दुर्बिणीवर टॉर्च बसवून बागेत उभे राहिलात तर समोरच्या पानाचा झगमगाट होतो आणि मागचं सगळं काळं. म्हणून टॉर्च दुर्बिणीपासून हातभर बाजूला, बांधावर खाली धरा, झोत ओळीच्या सरळ रेषेत सोडा. डुकराचे डोळे मांजर-कुत्र्यासारखे चमकत नाहीत, म्हणून खोडांच्या मधून डोळे नाही, हलणारं अंग शोधा.