दिसलं तेवढंच लिही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोप उडाली. आजोबांच्या वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची आणि त्यात 'शत्रूच्या जखमी सैनिकावर आधी शस्त्रक्रिया केली' हा प्रसंग घालायचा, असा घरच्यांचा आग्रह. ट्रंकेतल्या एकाही कागदात तुला तो सापडत नाही. मावशी, हे खरं आहे का, असं तू विचारतेस.

तो प्रसंग मीच सांगितला होता. शोकसभेत, माइकवर. मी तो पाहिलेला नाही आणि साहेबांनीही, म्हणजे तुझ्या आजोबांनीही, मला कधी सांगितलेला नाही.

त्यांनी सांगितलं होतं ते एवढंच एक वाक्य. 1971 च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, म्हणजे जखमींवर उपचार करणाऱ्या लष्करी तुकडीत, कॅप्टन होते, हे तुला ठाऊक आहे. पुढे कोरेगावच्या दवाखान्यात एकदा भावकीतली दोन माणसं डोकी फुटून एकाच वेळी आली. 'आधी आमच्याला बघा' म्हणत त्यांची माणसं बाकड्यावरच हमरीतुमरीवर आली. साहेब म्हणाले, "रांग जखमेची असते, गणवेशाची नाही." धोतर-पायजम्यातल्या माणसांपुढे गणवेश कुठून आला? ते कुठून आलं हे विचारायला माझ्याकडे पुढची 18 वर्षं होती. मी विचारलं नाही. बाहेर पेशंट खोळंबलेले असायचे, हे खरं. पण दुपारचा चहा आम्ही रोज बरोबर घ्यायचो, हेही खरं.

1949 च्या जिनिव्हा करारात तोच नियम आहे. जखमी कुठल्याही बाजूचा असो, उपचारात कोण आधी हे फक्त त्याच्या वैद्यकीय निकडीवर ठरतं. म्हणजे मी सांगितलं ते अशक्य नव्हतं. सभागृह भरलेलं, तुझी आजी पहिल्या रांगेत, पदकांची यादी ऐकून लोकांची चुळबुळ सुरू झालेली. हा माणूस कोण होता हे यांना कळायला हवं, असं मला वाटलं. त्या वाटण्यात मला आजही खोट दिसत नाही. पण ते वाटलं होतं, दिसलं नव्हतं.

साहेब केसपेपरवर मधोमध उभी रेघ मारायचे. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. पहिल्याच आठवड्यात मी डावीकडे 'बहुतेक टायफॉइड' लिहिलं, तर त्यांनी पेशंटसमोर कागद फाडला. ताप किती, जीभ कशी, पोट कसं, एवढंच लिहा म्हणाले. त्या माणसाच्या स्मरणार्थ तुम्ही उजवीकडचं डावीकडे छापणार? नाही. दिसलं तेवढंच लिही.

मला दिसलेलं हे घे. एका गळीत हंगामात, उसाच्या ट्रॉलीखाली एका पोराचा पाय सापडला. साहेबांनी मांडीला पट्टी आवळली, तिला टूर्निके म्हणतात; रक्त थांबलं. मग जेन्शनच्या बाटलीत काडी बुडवून त्यांनी पोराच्या कपाळावर जांभळ्या शाईनं 'टी' लिहिला आणि पुढे 5.40. आई किंचाळली. कपाळावर सटवाई लिहिते, हा कोण लिहिणारा? मीही गोंधळले होते. जीप साताऱ्याकडे निघाल्यावर त्यांनी सांगितलं, दोन तासांपेक्षा जास्त आवळलेली राहिली तर पायच जायचा धोका; ही कधी बांधली ते तिथल्या डॉक्टरला कळायला हवं. चिठ्ठी वाटेत पडते. ही रीत फौजेतली. पाय वाचला. तो माणूस आजही बाजारात भेटतो, जरा लंगडतो.

ओरडणारा पेशंट सोडून ते आधी गप्प पडलेल्याकडे जायचे, हेही मी पाहिलंय. ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, म्हणायचे. हे लिही. 'युद्धात लढले' मात्र काढून टाक. आर्मी मेडिकल कोअरचा डॉक्टर लढायला जात नाही. कमरेचं पिस्तूल असतं ते स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणापुरतं. तेवढ्यानं आजोबा लहान होत नाहीत, आणि तसं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पुस्तिका काढूच नका.

घरचे दुखावतील म्हणतेस. दुखावू देत. आजीला मी स्वतः येऊन सांगेन, तुझ्यावर ते ओझं नको. पण 'मावशी, तुम्हीच काहीतरी चांगलं लिहून द्या' असं मला पुन्हा कळवू नकोस. चांगलं लिहायच्या नादात मी काय केलं ते वर वाचलंस ना?

ट्रंकेत तळाला दिवाळीची कार्डं असतील, ती काढ. अपशिंग्याहून दरवर्षी एक यायचं, त्यांच्या युनिटमधल्या नर्सिंग असिस्टंटचं. गृहस्थ हयात आहेत, मी काल चौकशी केली. ऐकू कमी येतं आणि दुपारी जेवून झोपतात, म्हणून रविवारी सकाळी नवाच्या आत माझ्याकडे ये. मोठ्यानं विचारायचं, मध्ये बोलायचं नाही. वही आण आणि घरूनच मधोमध रेघ मारून आण.

तुझी,
डॉक्टरमावशी