भावाच्या रक्तातला ‘धूमकेतू’

प्रश्न: माझा भाऊ यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणीची मजुरी करतो. एका कॉलेजच्या संशोधकांनी त्याच्या बोटातून रक्त घेतलं आणि ‘कॉमेट टेस्ट’ करणार म्हणून सांगितलं. त्यात डीएनए तुटलेला दिसतो म्हणे. तसं दिसलं, तर त्याला कॅन्सर होणार का? आई तेव्हापासून नीट जेवलेली नाही. — एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, आधी आईंना जेवायला बसवा. या टेस्टवरून एखाद्याला कॅन्सर होणार की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. मी सव्वीस वर्षं याच स्लाइड केल्या आहेत, म्हणून ठामपणे सांगते.

कॉमेट म्हणजे धूमकेतू. रक्ताचा थेंब पातळ अगारोजमध्ये मिसळून काचेवर पसरतात. (अगारोज म्हणजे आपल्या चायनाग्रासचंच शुद्ध रूप.) ती काच मीठ आणि डिटर्जंटच्या थंडगार द्रावणात तासभर तरी ठेवली की पेशीचं आवरण, प्रथिनं सगळं विरघळतं आणि डीएनएची गुंडाळी तेवढी जागेवर उरते. मग तीव्र अल्कलीत तिचे पदर सुटू द्यायचे आणि साधारण पंचवीस व्होल्टचा प्रवाह वीस-तीस मिनिटं सोडायचा. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे तुटलेले धागे धन टोकाकडे सरकतात, अखंड डीएनए मात्र हलत नाही. रंग देऊन अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपला डोळा लावला की चांगली पेशी पौर्णिमेच्या चंद्रासारखी गोल दिसते आणि इजा झालेलीला शेपूट फुटलेलं असतं. ही युक्ती स्वीडनच्या ऑस्टलिंग आणि योहान्सन यांची, १९८४ची. आज बहुतेक ठिकाणी वापरतात ती अल्कलीची पद्धत एन. पी. सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दिली.

टेस्ट फार नाजूक आहे. सुरुवातीच्या काळात एकदा घाईत मी अगारोज सदतीस अंशांपर्यंत निवू दिलं नाही, गरमच ओतलं. दुसऱ्या दिवशी बघते तर फवारणीशी काही संबंध नसलेल्यांच्या पेशींनाही लांबलचक शेपट्या! विष नव्हतं, माझी उष्णता होती. दोन दिवसांच्या स्लाइड टाकून दिल्या आणि त्या लोकांकडे पुन्हा रक्त मागायला गेले. ते मागताना जी लाज वाटली, ती आजही आठवते.

दुसरं म्हणजे, पेशी असे तुटलेले धागे सतत जोडत असते, बरेचसे तर काही तासांतच. म्हणजे शेपूट दिसलं तर ते त्या सुमाराच्या इजेचं. विडी-सिगारेटनेही शेपटीच्या मापाचा आकडा हलू शकतो. म्हणूनच हा निकाल गटाचा वाचायचा असतो: फवारणी करणाऱ्यांची इजा इतकी, न करणाऱ्यांची इतकी. एकट्या भावाच्या आकड्यावरून त्याचं भविष्य काढू नका.

त्याच्या जिवाच्या दृष्टीने मला वेगळी तपासणी महत्त्वाची वाटते: रक्तातलं कोलिनएस्टरेज, म्हणजे नसांचं काम नीट चालायला लागणारं विकर (एन्झाइम). ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांची कीटकनाशकं हे विकर बंद पाडतात. एलमन यांच्या १९६१च्या पद्धतीत विकर काम करत असेल तर नळीत पिवळा रंग चढतो. तो फिका पडला, तर विकर दबलंय. माणसागणिक मूळ पातळी वेगळी असते, म्हणून हंगामाआधी एकदा आणि फवारणी सुरू असताना पुन्हा, अशी तपासणी करून घ्या. डॉक्टरांना या तपासणीचं नाव घेऊन विचारा. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती घरांवर घाला पडला, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. दरदरून घाम, तोंडाला लाळ, नजर धूसर, बाहुल्या बारीक, यातलं काहीही दिसलं तर अंगावरचे कपडे उतरवा, कातडी साबण-पाण्याने धुवा आणि फवारणीच्या औषधाची बाटली लेबलासकट घेऊन तडक दवाखाना गाठा.

आणि संशोधकांकडून अहवाल जरूर मागा, रक्त भावाचं आहे. त्यात फवारणी न करणाऱ्यांचे आकडे शेजारी दिलेत का, ते बघा. नसतील तर तेही मागून घ्या.